जुन्या कंट्री म्युझिकचे दिग्गज: परत परत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

कोणाला एखादं जुनं कंट्री गाणं ऐकवलं की मागोमाग प्रश्न येतातच, आणि ते बहुतेक तेच तेच असतात, म्हणून सगळे एका जागी आणलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या गोष्टीवर दुसरीकडे सविस्तर लिहिलं असेल तर तिथला नंबर दिलाय, तो बघा.

१. कंट्री म्हणजे काऊबॉयची गाणी ना? ती मोठी टोपी, घोडे वगैरे?

टोपी बरीच नंतर आली. १९३० च्या दशकात हॉलिवूडने जीन ऑट्रीसारखे गाणारे काऊबॉय पडद्यावर आणले आणि तो पोशाख या संगीताला चिकटला. मूळ गाणं अमेरिकेच्या दक्षिणेतलं, खास करून अ‍ॅपलाचियन डोंगरांतलं. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडहून आलेल्या लोकांनी सोबत आणलेली जुनी कथागीतं होती, फिडल होतं (म्हणजे लोकसंगीताच्या ढंगात वाजवलेलं व्हायोलिन), चर्चमधली गाणी होती, आणि शेजारीच कापसाच्या शेतात नि रेल्वेलाइनवर राबणाऱ्या काळ्या लोकांचे ब्लूज, म्हणजे त्यांची दुःखाची गाणी, होती (यावर प्रश्न १२). सगळं एकमेकांत मिसळलं आणि त्यातून हे तयार झालं.

विषय बघा ना: कोळशाची खाण, रेल्वे, आई, देव, तुरुंग, दारू, मोडलेला संसार. हार्लन हॉवर्ड नावाचा मोठा गीतकार होता, त्याचं म्हणणं असं की कंट्रीला तीन कॉर्ड आणि खरं बोलणं एवढंच लागतं. मला या संगीतातलं जे आवडतं ते सगळं यात आलं. इथला गायक स्वतःची लाज झाकत नाही, आवाज फाटला तर फाटू देतो.

२. याची सुरुवात नक्की कधी झाली? सगळे १९२७ का म्हणतात?

रेकॉर्डिंग त्याआधीही झालेली, १९२३ मध्ये अटलांटात फिडलिन जॉन कार्सनची रेकॉर्ड निघाली होती आणि चांगली चाललीही. पण १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर ब्रिस्टल गावात मशीन घेऊन आला. हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या बरोबर सीमेवर आहे, स्टेट स्ट्रीटच्या मधूनच सीमा जाते. तिथे टोप्यांच्या कंपनीच्या एका जुन्या इमारतीत त्याने तात्पुरता स्टुडिओ लावला आणि आसपासच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना बोलावलं. दोन आठवड्यांच्या आत १९ जण किंवा गट येऊन गेले, ७६ गाणी रेकॉर्ड झाली. आणि त्यात ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स दोघंही सापडले! पुढचं जवळपास सगळं कंट्री या दोन झऱ्यांतून आलंय असं म्हटलं तर फारसं चुकत नाही.

कार्टर फॅमिली म्हणजे ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि साराची चुलत बहीण मेबेल, जी ए. पी. च्या भावाची बायकोही होती. रेकॉर्डिंगच्या वेळी मेबेलला दिवस गेलेले होते. वय अठरा, आणि गिटार अशी वाजवायची की अंगठ्याने खालच्या जाड तारांवर चाल आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका, एकाच वेळी. आज जगभर गिटार शिकणारी मुलं ही पद्धत शिकतात. ए. पी. डोंगरातल्या वाड्यावस्त्या फिरून गाणी गोळा करायचा, आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांसारखीच ती गाणी, कोणी रचली माहीत नाही पण सगळ्या बायकांना पाठ.

जिमी रॉजर्स अगदी वेगळा. मिसिसिपीतल्या मेरिडियनचा, रेल्वेत ब्रेकमन (गाडीचे ब्रेक सांभाळणारा), क्षयाने नोकरी सुटलेली. सोबतचा बँड आदल्या दिवशी भांडून वेगळा झाला म्हणून एकटाच गायला बसला. ब्लूजमध्ये यॉडलिंग, म्हणजे आवाज एकदम वरच्या पातळ सुरात उडवून परत खाली आणणं, घालायची त्याची तऱ्हा लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतली. पुढे जेमतेम सहा वर्षं मिळाली त्याला. १९३३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये शेवटचं रेकॉर्डिंग, दोन गाण्यांच्या मध्ये स्टुडिओतच खाटेवर पडून विश्रांती घ्यायचा, आणि दोन दिवसांनी गेला, वय ३५. ती शेवटची गाणी ऐकताना हे माहीत असलं की ऐकवत नाही आणि बंदही करवत नाहीत.

३. तुम्ही क्लासिक कुठपर्यंत धरता?

मी १९२७ पासून साधारण १९८० पर्यंत धरतो. यात कोणता नियम नाही, पण १९८० नंतर आवाजाची, रेडिओची, धंद्याची सगळीच गणितं बदलली. कोणी ८०-९० च्या दशकातल्या लोकांनाही धरतं, हरकत काहीच नाही, इथे मात्र त्यांच्यावर लिहिलेलं नाही.

४. ग्रँड ओल ऑप्री ही काय भानगड आहे? प्रत्येकाच्या चरित्रात येते.

टेनेसीतल्या नॅशव्हिल शहराच्या डब्ल्यूएसएम रेडिओवरचा शनिवार रात्रीचा लाइव्ह कार्यक्रम. २८ नोव्हेंबर १९२५ ला सुरू झाला आणि अजून चालू आहे, शंभर वर्षं! आधी नाव साधं बार्न डान्स होतं. १९२७ च्या डिसेंबरात एका रात्री रेडिओवर आधी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम संपला, मग निवेदक जॉर्ज हे म्हणाला की आत्तापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ऑप्री ऐका. तेच नाव राहिलं. त्या वेळी माउथ ऑर्गनवर रेल्वेगाडीचा आवाज काढणारा कलाकार होता डिफोर्ड बेली, काळा माणूस, ऑप्रीच्या पहिल्या मोठ्या स्टार्सपैकी एक.

१९४३ ते १९७४ ऑप्री रायमन ऑडिटोरियममध्ये व्हायची, म्हणून रायमनला कंट्रीचं मातृमंदिर मानतात. इमारत मुळात १८९२ ची, प्रार्थनेसाठी बांधलेली, बसायला चर्चसारखे लाकडी बाक. १९७४ ला ऑप्री नव्या जागेत गेली तेव्हा रायमनच्या स्टेजचा एक गोल लाकडी तुकडा कापून नव्या स्टेजच्या मधोमध बसवला. आजही नवा गायक त्या गोलावर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा भल्याभल्यांचे पाय थरथरतात.

५. मला फक्त 'कंट्री रोड्स' माहीत आहे. पुढे काय ऐकू?

आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात कॉलेजच्या ट्रिपला गिटारवर म्हटलेल्या याच गाण्याने होते, काहीच वाईट नाही (जॉन डेन्व्हर कंट्रीत धरायचा का ते प्रश्न १६ मध्ये). पुढे माझा क्रम असा: जॉनी कॅशचं 'आय वॉक द लाइन', मग पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी', मग डॉली पार्टनचं 'कोट ऑफ मेनी कलर्स', मर्ल हॅगर्डचं 'मामा ट्राइड', आणि मग शांत रात्री एकटे असाल तेव्हा हँक विल्यम्स. हँकला पहिल्याच दिवशी लावू नका, त्याचा नाकातला पातळ आवाज कानाला सवय नसेल तर आधी खटकतो, आणि एकदा खटकला की लोक परत येत नाहीत.

शंभर गाण्यांची मिक्स प्लेलिस्ट लावून काम करत बसू नका एवढी विनंती. एक गायक घ्या, त्याच्यासोबत आठवडाभर राहा.

६. हँक विल्यम्सला एवढं का मानतात? २९ व्या वर्षीच गेला ना?

हो, २९. १७ सप्टेंबर १९२३ ला अलाबामात जन्म, पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष, आयुष्यभर पाठदुखी, त्यावर दारू, त्यावर औषधं. शिक्षण फार नाही, नोटेशन येत नव्हतं. ११ जून १९४९ ला ऑप्रीवर पहिल्यांदा 'लव्हसिक ब्लूज' म्हटलं तेव्हा लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. तीन वर्षांत, १९५२ च्या ऑगस्टमध्ये, त्याच ऑप्रीने दारूमुळे आणि कार्यक्रमाला न येण्यामुळे त्याला काढून टाकलं. आणि १ जानेवारी १९५३ च्या पहाटे ओहायोतल्या कँटनच्या कार्यक्रमाला जाताना कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर तो मेला, गाडी चालवणारा कॉलेजचा पोरगा, त्यालाही बराच वेळ कळलं नाही. त्या वेळी रेडिओवर त्याचं जे गाणं वाजत होतं त्याचं नाव 'आय विल नेव्हर गेट आउट ऑफ धिस वर्ल्ड अलाइव्ह'.

पण मानतात ते मरणामुळे नाही. त्याची गाणी बघा, कुठेही जड शब्द नाही, शाळेत न गेलेल्या माणसालाही कळेल अशी भाषा. 'आय एम सो लोन्सम आय कुड क्राय' मध्ये दोन पक्षी, एक रेल्वेगाडी, चंद्र, तुटता तारा एवढंच आहे. दुःख आहे हे सांगायला तो स्वतःकडे बघतच नाही, बाहेर बघतो, आणि ऐकणाऱ्याला आत कळतं. हे लिहिणं किती अवघड आहे ते स्वतः चार ओळी लिहून बघितल्यावरच समजतं. १९६१ मध्ये कंट्री हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्या तिघांत तो होता, सोबत जिमी रॉजर्स आणि हँकची गाणी घासूनपुसून घेणारा प्रकाशक फ्रेड रोझ. २०१० मध्ये पुलित्झरवाल्यांनीही मरणोत्तर विशेष सन्मान दिला.

एक बारीक गोष्ट, कारण ती नेहमी विचारली जाते: 'लव्हसिक ब्लूज' हँकने लिहिलेलं नाही. ते १९२० च्या दशकातलं नाटकवाल्यांचं गाणं आहे. त्याने ते इतकं आपलं केलं की मूळ कोणाला आठवत नाही.

७. पॅट्सी क्लाइनच्या गाण्यात व्हायोलिनचा ताफा, मागे कोरस, हे कंट्री कसं?

हा वाद तेव्हापासूनचा आहे. १९५० च्या दशकात रॉक अँड रोल आलं, कंट्रीचा खप पडला, मग नॅशव्हिलमध्ये चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या दोघांनी फिडल-बँजो बाजूला ठेवून पियानो, तंतुवाद्यं आणि कोरस आणला, त्याला नॅशव्हिल साउंड म्हणतात. काही जणांना आजही ती भेसळ वाटते. मला नाही वाटत, कारण वाद्यं काहीही असोत, मधे पॅट्सीचा आवाज आहे.

'क्रेझी' विली नेल्सनने लिहिलेलं, तेव्हा तो नवखा गीतकार. १९६१ च्या जूनमध्ये पॅट्सीला भीषण कार अपघात झाला होता, ऑगस्टमध्ये रेकॉर्डिंगला आली तेव्हा बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात. ब्रॅडलीने वाद्यं रेकॉर्ड करून ठेवली आणि काही दिवसांनी ती परत येऊन एका टेकमध्ये गाऊन गेली. ऐका 'क्रेझी' हा शब्द ती कशी सोडते, हळूच, घाई नाही. ५ मार्च १९६३ ला कॅन्सस सिटीतला मदतीचा कार्यक्रम करून परतताना टेनेसीत कॅमडनजवळ विमान पडलं, सोबत काउबॉय कोपास, हॉकशॉ हॉकिन्स आणि विमान चालवणारा तिचा मॅनेजर, चौघंही गेले. पॅट्सी ३० वर्षांची होती.

८. जॉनी कॅश खरंच तुरुंगात होता का?

नाही. छोट्यामोठ्या गुन्ह्यांत काही वेळा अटक झाली, एखादी रात्र कोठडीत काढली, १९६५ मध्ये एल पासोला नशेच्या गोळ्यांसकट पकडला गेला, पण शिक्षा भोगायला तुरुंगात कधी गेला नाही. 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' सुचलं ते जर्मनीत हवाईदलात असताना तुरुंगावरचा सिनेमा बघून.

तो तुरुंगात गेला तो गायला. १३ जानेवारी १९६८ ला कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर कार्यक्रम केला आणि त्याचीच रेकॉर्ड काढली, ती त्या वर्षी प्रचंड गाजली. आदल्या दिवशी त्याच्या हातात तिथल्याच एका कैद्याचं, ग्लेन शर्लीचं, गाणं पडलं. रात्रीत बसवून दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर म्हटलं, आणि शर्ली पहिल्या रांगेत बसलेला. मला कॅशबद्दल जो आदर आहे तो इथून सुरू होतो. ज्यांना कोणी माणूस म्हणून मोजत नाही त्यांच्यासमोर जाऊन तो त्यांचं गाणं गायला.

रेकॉर्डवर 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' मधल्या, रेनोत एका माणसाला गोळी घातली या कुप्रसिद्ध ओळीनंतर कैदी ओरडतात ना, तो आवाज नंतर स्टुडिओत चिकटवलेला आहे, प्रत्यक्षात पहारेकरी असताना ते गप्प होते. मला त्याने रेकॉर्ड कमी आवडत नाही, पण माहीत असावं.

आणि 'आय वॉक द लाइन' मधला तो खरखर ठेका ड्रमचा नाही, गिटारच्या तारांत कागद अडकवून काढलेला आहे.

९. मग खरा कैदी कोण होता?

मर्ल हॅगर्ड. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ, मालगाडीच्या जुन्या डब्याचं घर केलेलं त्यात वाढलेला. नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि पोरगं हाताबाहेर गेलं. सॅन क्वेंटिन तुरुंगात असताना १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉनी कॅश तिथे गायला आला, श्रोत्यांत मर्ल. १९६० मध्ये पॅरोलवर सुटला, आणि १९७२ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगनने पूर्ण माफी दिली.

'मामा ट्राइड' मध्ये तो आईची बाजू घेतो, दोष सगळा स्वतःवर. तुरुंगात एकविशी गाठली हे खरं, जन्मठेप मात्र गाण्यापुरती. आणि त्याच्या, बक ओवेन्सच्या रेकॉर्डमध्ये जी टणटणीत टेलिकास्टर गिटार ऐकू येते ती बेकर्सफील्डची खूण, नॅशव्हिलच्या गुळगुळीतपणाला दिलेलं उत्तर. ६ एप्रिल २०१६ ला गेला, ७९ व्या वाढदिवशी.

१०. लोरेटा लिन मोठी की डॉली पार्टन?

तुलना नको, दोघींचा रस्ता वेगळा. पण आधी किटी वेल्सचं नाव घ्यायला हवं. १९५२ मध्ये एका पुरुषाच्या गाण्याला तिने गाण्यातच उत्तर दिलं की बायका बिघडतात त्यात नवऱ्यांचाही हात असतो, आणि बिलबोर्डच्या कंट्री यादीत एक नंबरला जाणारी ती पहिली एकटी गायिका ठरली.

लोरेटा केंटकीतल्या बुचर हॉलोची, खाणकामगाराची मुलगी. १५ व्या वर्षी लग्न, विशीच्या आसपास चार मुलं, नवऱ्याने स्वस्तातली गिटार आणून दिली आणि ती स्वतःच शिकली. १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा नवराबायको गाडीत बसून एकेका रेडिओ स्टेशनला स्वतः रेकॉर्ड देत फिरले. आणि मग तिने जे लिहिलं! पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला सुनावणं, दुसऱ्या बाईला दम देणं, १९७५ मध्ये तर गर्भनिरोधक गोळीवर गाणं, 'द पिल', कितीतरी स्टेशनांनी वाजवायला नकार दिला तरी खेड्यापाड्यातल्या बायकांनी ते घेतलं. १९७२ मध्ये कंट्रीचा सर्वांत मोठा एंटरटेनर ऑफ द इयर पुरस्कार मिळवणारी पहिली बाई तीच. ऑक्टोबर २०२२ मध्ये गेली.

डॉली टेनेसीच्या डोंगरातली, १९ जानेवारी १९४६ चा जन्म, बारा भावंडांत चौथी. बाळंतपणाच्या डॉक्टरला वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं होतं. लोक तिचे केस आणि कपडे बघून हसतात आणि ती हसू देते, पण गीतकार म्हणून ती कोणाच्याही बरोबरीला बसते. 'कोट ऑफ मेनी कलर्स' हे चिंध्या जोडून आईने शिवलेल्या कोटावरचं गाणं, शाळेत पोरं हसली ती गोष्ट, मी ते कोरड्या डोळ्यांनी ऐकू शकत नाही. १९९५ पासून लहान मुलांना घरपोच फुकट पुस्तकं पाठवायची योजना चालवते, तिचे वडील लिहू-वाचू शकत नव्हते म्हणून.

११. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' व्हिटनी ह्यूस्टनचं आहे ना?

गायलं तिने १९९२ मध्ये आणि अप्रतिम गायलं, पण लिहिलं डॉली पार्टनने, १९७४ मध्ये तिची रेकॉर्ड आली. आणि ते प्रियकराला उद्देशून नाही! पोर्टर वॅगनर नावाच्या मोठ्या गायकाच्या टीव्ही शोमध्ये ती १९६७ पासून होती, स्वतःचा रस्ता धरायचा होता, तो सोडेना, तेव्हा निरोप म्हणून हे गाणं लिहून त्याला ऐकवलं. एल्विसलाही गायचं होतं पण त्याच्या मॅनेजरने गाण्याचे निम्मे हक्क मागितले. डॉली रडली आणि नाही म्हणाली. तेव्हा तिने हो म्हटलं असतं तर १९९२ नंतरची निम्मी कमाई गेली असती.

१२. कंट्री हे गोऱ्यांचंच संगीत आहे ना?

हा समज कंपन्यांनी तयार केला. १९२० च्या दशकात दक्षिणेतलं तेच संगीत विकताना त्यांनी दोन कॅटलॉग केले, काळ्यांच्या रेकॉर्ड वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. वाजवणारे मात्र एकमेकांकडून शिकत होतेच. बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं वाद्य.

ए. पी. कार्टर गाणी शोधत फिरायचा तेव्हा सोबत लेस्ली रिडल असायचा, काळा गिटारवादक, अपघातात एक पाय गमावलेला. ए. पी. शब्द लिहून घ्यायचा आणि चाल रिडल डोक्यात ठेवायचा. हँक विल्यम्सला गिटार शिकवली रूफस पेनने, लोक त्याला टी-टॉट म्हणायचे, रस्त्यावर वाजवणारा, १९३९ मध्ये वारला, हँकचं नाव झालेलं त्याने पाहिलं नाही. जिमी रॉजर्सच्या 'ब्लू यॉडल नंबर ९' वर १९३० मध्ये ट्रम्पेट वाजवला लुई आर्मस्ट्राँगने आणि पियानो लिल हार्डिनने, रेकॉर्डवर दोघांचं नाव नाही. डिफोर्ड बेलीला (प्रश्न ४) ऑप्रीने १९४१ मध्ये काढलं, नंतर नॅशव्हिलमध्ये तो बूटपॉलिशचं दुकान चालवायचा. हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं २००५ मध्ये, तो जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर. दिग्गजांबद्दल प्रेम असेल तर ही नावंही त्यांच्याबरोबर घ्यायलाच हवीत, असं माझं ठाम मत आहे.

आणि चार्ली प्राइड! मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या घरातला, आधी बेसबॉल खेळाडू. पहिल्या रेकॉर्ड कंपनीने फोटो न लावता पाठवल्या, रेडिओवाल्यांना तो काळा आहे हे कळू नये म्हणून. स्टेजवर आला की आधी टाळ्या आणि मग शांतता, तो हसून दोन शब्द बोलायचा आणि गायला लागायचा, पहिल्या गाण्यानंतर प्रश्नच उरायचा नाही. १९७१ चा एंटरटेनर ऑफ द इयर तो होता. डिसेंबर २०२० मध्ये कोविडने गेला.

१३. ती रडल्यासारखी वाजणारी गिटार कोणती?

स्टील गिटार. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून तारांवरून धातूचा तुकडा सरकवतात, म्हणून सूर तुटत नाही, मींड येते. मूळ हवाई बेटांचं, जोसेफ केकुकूचं नाव घेतात. पुढे त्याला पायाने दाबायचे पेडल आले, १९५४ च्या वेब पिअर्सच्या 'स्लोली' मध्ये बड आयझॅक्सने ते वाजवलं आणि मग सगळ्यांनाच पाहिजे झालं. हँकच्या गाण्यांत डॉन हेल्म्स वाजवतो ती मात्र बिनपेडलची.

आपल्या कानाला हे वाद्य परकं नाही. हवाईयन गिटार तिकडून भारतातही आली, व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्ड जुन्या लोकांना आठवत असतील, आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर राग वाजवले. एकाच वाद्याच्या दोन फांद्या आहेत या, म्हणूनच कदाचित कंट्रीतली स्टील आपल्याला लगेच भिडते.

१४. किशोर कुमारचं यॉडलिंग इथूनच आलं का?

किशोरदांनी ज्या रेकॉर्ड ऐकून उचललं त्यात जिमी रॉजर्सचं आणि टेक्स मॉर्टनचं नाव नेहमी सांगितलं जातं, भाऊ अनूप कुमारकडच्या परदेशी रेकॉर्डचीही गोष्ट आहे. रॉजर्सचं कुठलंही 'ब्लू यॉडल' लावा आणि मग किशोर लावा, कान स्वतःच ठरवेल.

१५. आमच्याकडे जुन्या लोकांना फक्त जिम रीव्ह्ज माहीत. तो एवढा मोठा होता का?

होता. गोव्यात, वांद्र्याला, वसईकडे ख्रिस्ती घरांत त्याच्या रेकॉर्ड असायच्याच, नाताळ आला की त्याची ख्रिसमसची गाणी लागायची. टेक्ससचा, आधी बेसबॉल, मग रेडिओ निवेदक, मग गायक. ओठ माइकला जवळजवळ टेकवून, हळू, मखमली आवाजात गायचा, 'ही विल हॅव टु गो' ऐका. उच्चार इतके स्वच्छ की इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही कळायचं, आणि मला वाटतं भारत, श्रीलंका, दक्षिण आफ्रिका, नॉर्वे इथे तो एवढा पोचला त्याचं हे मोठं कारण आहे. ३१ जुलै १९६४ ला स्वतः चालवत असलेलं विमान वादळात नॅशव्हिलजवळ पडलं. ज्यांना दक्षिणी उच्चार समजत नाहीत त्यांनी रीव्ह्जपासूनच सुरुवात करावी.

१६. एल्विस, जॉन डेन्व्हर, रे चार्ल्स हे कंट्री धरायचे की नाही?

एल्विस: सुरुवात कंट्रीच्याच अंगणात. १९५४ च्या पहिल्या रेकॉर्डच्या एका बाजूला बिल मन्रोचं (प्रश्न १७) गाणं होतं. ऑप्रीवर त्याच वर्षी एकदा गायला, फारसं जमलं नाही. १९९८ मध्ये कंट्री हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. मी अर्धा धरतो.

जॉन डेन्व्हर: १९७५ मध्ये त्याला एंटरटेनर ऑफ द इयर मिळालं तेव्हा नाव जाहीर करणाऱ्या चार्ली रिचने स्टेजवरच ती चिठ्ठी लायटरने जाळली. बऱ्याच जणांना हा पॉपवाला वाटायचा. माझ्या मते 'कंट्री रोड्स' ऐकून लाखो लोक या दाराशी आले, तेवढ्यासाठी तरी आत घ्यावा.

रे चार्ल्स: बिनशर्त. लहानपणी फ्लोरिडात ऑप्री ऐकत वाढला, तरुणपणी गोऱ्यांच्या कंट्री बँडमध्ये पियानो वाजवला, आणि १९६२ मध्ये कंट्री गाण्यांचा अख्खा अल्बम काढला. त्यातल्या शब्दांना त्याने जी खोली दिली तेवढी भल्याभल्या नॅशव्हिलवाल्यांना जमली नाही. २०२१ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली.

१७. ब्लूग्रास आणि कंट्री एकच का?

ब्लूग्रास ही एक शाखा. बिल मन्रो आणि त्याचे ब्लू ग्रास बॉइज, १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी झपाझप बँजो वाजवत त्यात आला आणि तो आवाज पक्का झाला. ड्रम नाही, वीज नाही, मॅन्डोलिन-फिडल-बँजो-गिटार-बास, आणि उंच पट्टीतलं गाणं.

१८. आउटलॉ कंट्री म्हणजे गुंडांचं?

अजिबात नाही, बंड होतं ते स्टुडिओच्या पद्धतीविरुद्ध. नॅशव्हिलमध्ये वादक, गाणी, निर्माता सगळं कंपनी ठरवायची. वेलन जेनिंग्सने १९७२ च्या सुमारास भांडून स्वतःच्या बँडसोबत स्वतःच्या मनासारखं रेकॉर्ड करायचा हक्क मिळवला. विली नेल्सनचं घर जळालं, तो टेक्ससला परत गेला, केस वाढवले, ऑस्टिनमध्ये हिप्पी आणि शेतकरी एकाच हॉलमध्ये त्याला ऐकायला लागले. १९७५ चा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' इतका मोकळा, रिकामा की कंपनीला वाटलं हा कच्चा नमुना आहे. तो तसाच निघाला आणि गाजला. पुढच्या वर्षी वेलन, विली, जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझरचा एकत्र अल्बम आला, प्लॅटिनम ठरलेला पहिला कंट्री अल्बम.

विलीची गिटार, ट्रिगर, तिला वाजवून वाजवून भोक पडलंय, आणि नव्वदी ओलांडल्यावरही तो तीच घेऊन स्टेजवर उभा राहतो.

१९. सगळी गाणी दारू आणि रडण्याचीच का?

सगळी नाहीत, रॉजर मिलरची गमतीची गाणी ऐका. पण बरीच आहेत, आणि त्यातलं शिखर जॉर्ज जोन्स. दारूपायी इतके कार्यक्रम बुडवले की लोक त्याला 'नो शो जोन्स' म्हणायचे, गायिका टॅमी वायनेटशी झालेलं लग्न मोडलं, १९७० च्या दशकाच्या शेवटी माणूस पार संपलेला. त्या अवस्थेत निर्माता बिली शेरिलने त्याच्याकडून 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' करून घेतलं, तुकड्या तुकड्यात, वर्षभराहून जास्त काळ लागला. जोन्सला स्वतःला हे फार सुतकी वाटत होतं. १९८० मध्ये आलं आणि एक नंबरला गेलं. एक माणूस मरेपर्यंत एका बाईवर प्रेम करतो, बस, एवढीच गोष्ट. शब्द एकदा वाचून घ्या आणि मग ऐका, आणि तो जिथे आवाज चढवायला हवा तिथे चढवतच नाही ते बघा.

२०. अमेरिकेत राहतो, नॅशव्हिलला दोन दिवस जातोय. काय बघू?

पहिल्या दिवशी सकाळी कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम, तिथूनच आरसीए स्टुडिओ बीची टूर मिळते, जिथे जिम रीव्ह्ज, एल्विस, डॉली गायले, ती चुकवू नका. दुपारी रायमन, बाकावर थोडा वेळ नुसते बसा. जवळच जॉनी कॅश म्युझियम आहे. शनिवार गाठला तर रात्री ऑप्रीचं तिकीट आधी काढून ठेवा. ब्रॉडवेवरचे बार गर्दीचे आणि कर्कश असतात, जुनं काही ऐकायचं असेल तर दिवसा जा, तेव्हा वाजवणाऱ्यांशी बोलता येतं आणि हँकची फर्माईश केली तर ते आनंदाने वाजवतात. गाडी असेल आणि एक दिवस वाढवता आला तर पूर्वेला ब्रिस्टल साधारण साडेचार-पाच तासांवर आहे, तिथे १९२७ च्या रेकॉर्डिंगवर चांगलं म्युझियम आहे, आणि तिथून पुढे व्हर्जिनियात कार्टर कुटुंबाच्या गावात, हिल्टन्सला, कार्टर फॅमिली फोल्डमध्ये शनिवारी रात्री अजूनही जुन्या पद्धतीने गाणं-नाच होतं. वीजेवरची वाद्यं तिथे चालत नाहीत.